समुद्रकाठच्या वाडीत कोरफड : ऊन मानवते, साचलेले पाणी मारते

डहाणू तालुक्यातील चिंचणी, वरोर, वाढवण या समुद्रकाठच्या गावांतून कोरफडीबद्दलची विचारणा अधूनमधून होत असते. चिकूच्या वाडीच्या कडेला पडून असलेला पुळणीचा तुकडा, मचूळ पाण्याची विहीर आणि जनावरांचा उपद्रव अशा ठिकाणी हे पीक घेता येईल काय, असा प्रश्न असतो. कोरफड काटक आहे, तिला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत आणि थोड्या पाण्यावर ती जगते, ही ऐकीव माहिती बरोबर आहे. परंतु कोरफडीची बहुतेक शिफारशीची पत्रके कमी पावसाच्या प्रदेशांसाठी लिहिलेली असतात. पश्चिम राजस्थानात वर्षाला ५०० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो. डहाणूच्या किनाऱ्यावर दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणून तेथील पद्धत येथे जशीच्या तशी उचलली, तर उन्हाळा सहज सोसलेली कोरफड श्रावणात बुडातून सडते. या लेखात आपल्या किनाऱ्याला योग्य अशी लागवड, निगा आणि विक्रीपूर्वी घ्यावयाची काळजी यांची माहिती दिली आहे.

वनस्पतीची ओळख

कोरफड, संस्कृतमध्ये कुमारी किंवा घृतकुमारी, ही बहुवर्षायू मांसल वनस्पती आहे. शास्त्रीय नाव ॲलो व्हेरा. तिचे मूळ स्थान अरबस्तानातील कोरड्या, खडकाळ डोंगरांत मानले जाते. भारतात ती फार पूर्वीपासून रुजलेली असून आपल्या शेजारच्या गुजरातेत सौराष्ट्राच्या जाफराबाद किनाऱ्यावरची कोरफड काळ्या बोळाच्या व्यापारात प्रसिद्ध होती.

कोरफडीचे मूळासकट उपटलेले रोप दारावर उलटे टांगण्याची चाल अनेक घरांत आहे. मातीपाण्याशिवाय ते कित्येक महिने हिरवे राहते, याचे कारण तिच्या घडणीत आहे. इतर पिके दिवसा पानांवरील सूक्ष्म रंध्रे उघडून हवा घेतात व त्या वेळी त्यांच्यातील पाण्याची वाफ होते. कोरफड आपली रंध्रे मुख्यतः रात्री, हवा गार असताना उघडते. रात्री घेतलेला कर्बवायू ती आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा रंध्रे मिटून, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्याचे अन्न बनवते. त्यामुळे पाणी फार थोडे खर्च होते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, कोरफडीला पाण्याची तहान कमी असली तरी उन्हाची भूक मोठी आहे. दिवसभर ऊन मिळाले नाही तर गर भरत नाही. दोन, तिची मुळे उथळ व मांसल असतात. मातीत हवा खेळती नसेल तर ती थोड्या दिवसांत कुजतात.

पानाचे तीन भाग असतात : बाहेरची हिरवी साल, सालीखालच्या नळ्यांतील पिवळा कडू चीक आणि आतील पारदर्शक गर. गरात ९८ ते ९९ टक्के पाणी असते. पिवळा चीक वाळवला की काळा बोळ तयार होतो. गर व चीक यांचे गुणधर्म अगदी वेगळे आहेत, हे वापरताना विसरू नये.

आपल्याकडे बांधावर असणारी घायपात दिसायला थोडी सारखी असली तरी ती कोरफड नव्हे. घायपातीच्या पानाच्या टोकाला कठीण काटा असतो आणि पान मोडले की दोर निघतात. तिच्या रसाने अंगाला खाज सुटते. रोपे आणताना हा फरक पाहावा.

जागेची निवड

पाण्याचा निचरा होणारी, दिवसाचे निदान सात-आठ तास ऊन मिळणारी जागा निवडावी. वरोर परिसरात साधारण तीन प्रकारच्या जमिनी आढळतात.

१) पुळणीची रेताड जमीन : निचरा उत्तम, पण कस कमी. शेणखत भरपूर घातल्यास कोरफडीला सर्वांत योग्य.

२) गावालगतची मध्यम, पोयट्याची जमीन : चांगली, मात्र गादीवाफे आवश्यक.

३) खाडीलगतची खाजण व चिकण खारवट जमीन : कोरफड थोडाफार खारटपणा सहन करते म्हणून अशा जमिनीत लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. येथे क्षारांपेक्षा भरतीचे आणि पावसाचे साचणारे पाणी घातक ठरते.

चिकूच्या जुन्या बागेत आंतरपीक म्हणून कोरफड घेऊ नये. कालीपत्तीची मोठी झाडे जमिनीवर दाट सावली धरतात. सावलीत कोरफडीची पाने लांब, पातळ व फिकी होतात आणि आडवी लोळतात. शिवाय चिकूला देण्यात येणारे पाणी तिला जास्त होते. दहा-दहा मीटरवर लावलेल्या नव्या चिकूबागेत पहिली चार-पाच वर्षे मधल्या पट्ट्यांत ती घेता येते. सुरूच्या रांगेचा आडोसा खाऱ्या वाऱ्यापासून संरक्षण देतो. परंतु समुद्र पश्चिमेला असल्याने सुरूची सावली दुपारनंतर वाडीत येते, म्हणून रांगेपासून आठ-दहा मीटर अंतर सोडूनच वाफे आखावेत.

गादीवाफे व चर

आपल्या भागात सपाट जमिनीवर कोरफड लावू नये. नव्वद सेंटिमीटर रुंद व किमान तीस सेंटिमीटर उंच गादीवाफे करावेत. चिकण मातीत उंची पंचेचाळीस सेंटिमीटरपर्यंत वाढवावी. दोन वाफ्यांमध्ये पंचेचाळीस सेंटिमीटरचा चर ठेवावा. वाफे उताराच्या दिशेने काढावेत आणि सर्व चर वाडीबाहेर जाणाऱ्या एका मोठ्या चराला जोडावेत. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी चरांतील गाळ व पालापाचोळा काढून टाकावा. मोठा पाऊस थांबल्यावर तासाभराने वाडीत फेरी मारावी. जेथे चरात पाणी उभे दिसेल तेथे त्याच दिवशी वाट करून द्यावी. पावसाळ्यातील सर्वांत महत्त्वाची निगा हीच.

वाफे तयार करताना दहा गुंठ्यांस दीड ते दोन टन चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळावे. कच्चे शेणखत वापरल्यास मूळकूज व हुमणीचा धोका वाढतो. पंचवीस-तीस किलो निंबोळी पेंड दिल्यास फायदा होतो. नत्रयुक्त रासायनिक खताचा मारा करू नये. पाने झपाट्याने वाढतात, पण पाणचट व नाजूक होऊन लवकर सडतात. पुढे दर वर्षी पावसाळा संपल्यावर प्रत्येक रोपास अर्धा ते एक किलो शेणखत किंवा गांडूळखत देऊन मातीची भर द्यावी.

बेणे व जाती

कोरफडीला फुलांचे दांडे येतात, पण आपल्याकडे बी क्वचितच धरते. म्हणून लागवड बुंध्याशी येणाऱ्या मुनव्यांपासून (पिल्लांपासून) करतात. मुनवे पंधरा ते वीस सेंटिमीटर उंचीचे, चार-पाच पानांचे व स्वतःची मुळे असलेले निवडावेत. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने 'शीतल' ही निवड प्रसारित केली आहे. गुजरातेत आणंदजवळ बोरिआवी येथे औषधी व सुगंधी वनस्पतींचे राष्ट्रीय संशोधन संचालनालय आहे. बेण्याबाबत अशा संस्थांकडे किंवा जवळच्या कोसबाड येथील कृषि विज्ञान केंद्राकडे विचारणा करावी.

बेण्यावर मोठी रक्कम घालण्याचे कारण नाही. एक चांगले झाड वर्षाला सरासरी तीन मुनवे देते असे धरले, तर २०० रोपांपासून एका वर्षात ८०० आणि दुसऱ्या वर्षाअखेर दहा गुंठ्यांस पुरतील इतकी रोपे घरचीच तयार होतात. तोपर्यंत आपली जमीन, पाणी आणि बाजार यांचाही अंदाज येतो.

लागवडीची वेळ व पद्धत

कमी पावसाच्या भागात जून-जुलैत लागवड करतात. येथे ती वेळ धरू नये. मातृरोपापासून तोडलेल्या मुनव्याच्या बुडाशी ताजी जखम असते व सततच्या ओलीत ती भरून येत नाही. आपल्याकडे हस्ताचा पाऊस संपल्यावर, म्हणजे ऑक्टोबरमध्ये लागवड करावी. जमिनीत ओल असते, हवा कोरडी होऊ लागते आणि पुढील पावसाळ्यापर्यंत रोपाला सात-आठ महिने मुळे धरायला मिळतात. पाण्याची सोय असल्यास फेब्रुवारीतही लागवड चालते.

मुनवे काढल्यावर तीन-चार दिवस सावलीत, हवेशीर जागी पसरून ठेवावेत. जखम सुकून तिच्यावर पापुद्रा आला की लावावेत. प्रत्येक वाफ्यावर दोन ओळी, ओळींत व रोपांत साठ सेंटिमीटर अंतर, अशी तिरकस मांडणी करावी. दहा गुंठ्यांत सुमारे २,४०० रोपे बसतात. रोप पूर्वी होते तितक्याच खोलीवर लावावे आणि पानांच्या बेचक्यात माती जाऊ देऊ नये. लावल्याबरोबर पाणी न देता चार-पाच दिवसांनी पहिले हलके पाणी द्यावे.

सावलीत वाढलेले रोप उघड्यावर आले की पाने तांबूस-तपकिरी होतात. हा रोग नव्हे. कडक उन्हापासून बचावासाठी पानात तयार होणारा तो रंग आहे. नवी मुळे फुटली की मधली पाने हिरवी येऊ लागतात. या काळात घाबरून पाणी वाढवणे ही नेहमी होणारी चूक आहे.

पाणी

बोटाची दोन पेरे मातीत घालून पाहावे. तेथपर्यंत माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. साधारणपणे मध्यम जमिनीत हिवाळ्यात बारा ते पंधरा दिवसांनी व उन्हाळ्यात आठ ते दहा दिवसांनी पाणी पुरते. पुळणीत हे अंतर थोडे कमी करावे. ठिबक असल्यास उत्तम. पाणी बुंध्यापासून हातभर दूर पडेल असे पाहावे, पानांच्या मधोमध सोडू नये. पावसाळ्यात पाणी पूर्ण बंद.

किनाऱ्यावरील विहिरींचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते. कोरफड ते काही प्रमाणात सोसते, पण वाढ मंदावते. पाणी तपासून घ्यावे व शक्य असेल तर गोड्या पाण्याशी आलटून-पालटून द्यावे. उन्हाळ्यात साचलेले क्षार पहिल्या मोठ्या पावसाने धुऊन जातात, मात्र त्यासाठीही निचरा चांगला हवा.

पानावरून निदान

पीक आपली स्थिती पानांतून सांगते. रोज नजर टाकल्यास पुढील खुणा सहज ओळखता येतात.

पाने लांब, पातळ, फिकी व लोळलेली : ऊन कमी पडते. सावली कमी करावी किंवा रोप हलवावे.

पाने पातळ होऊन पन्हळीसारखी आत वळलेली, पण टणक : पाण्याचा ताण. एक भरपूर पाणी दिल्यावर आठवड्यात भरतात.

पाने तांबूस, पण टणक : ऊन व कोरडेपणा यांचा परिणाम. चिंता नको.

पाने वळलेली व मऊ, माती मात्र ओली : मुळे कुजली आहेत. पाणी देऊ नये. रोप उपटून पाहावे.

बुंधा पाणचट, काळपट, दुर्गंधीयुक्त, पान ओढताच निघते : बुडकूज. रोप मातीसह काढून वाडीबाहेर नष्ट करावे.

रोग व किडी

बुडकूज व मूळकूज बुरशीमुळे किंवा जिवाणूंमुळे होते. जिवाणूजन्य सड एकदा बुंध्यात शिरली की औषधाने बरी होत नाही. म्हणून उपाय प्रतिबंधाचेच : उंच वाफा, मोकळे चर, निरोगी बेणे आणि पाऊस चालू असताना कापणी न करणे. ज्या जागी रोप सडले, तेथे लगेच दुसरे लावू नये. माती उकरून उन्हात तापू द्यावी. लागवडीपूर्वी शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून दिल्यास बुरशीजन्य कूज कमी राहते.

दमट हवेत पानांवर काळपट, खोलगट ठिपके पडतात. ठिपकेदार पाने सुरुवातीलाच काढून जाळावीत आणि रोपांची दाटी कमी करावी. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पिठ्या ढेकूण दिसल्यास ओल्या फडक्याने पुसून निंबोळी अर्काची फवारणी करावी. मुंग्यांची वारुळे मोडावीत, कारण मुंग्याच हे ढेकूण एका रोपावरून दुसऱ्यावर नेतात. पानांचा गर पोटात व अंगावर वापरला जातो, म्हणून रासायनिक कीटकनाशके टाळावीत. अंश सापडल्यास खरेदीदार माल परत करतो.

तण लहान असतानाच हाताने काढावे. उथळ मुळांमुळे खोल खुरपणी नको. चौथ्या-पाचव्या वर्षी गर्दी झाली की वाफे मोडून नव्याने लावावेत.

कापणी

ऑक्टोबरच्या लागवडीची पहिली कापणी पुढील पावसाळ्यानंतर, नोव्हेंबरच्या सुमारास घ्यावी. पुढे फेब्रुवारी-मार्च व मे अशा दोन कापण्या मिळू शकतात. जुलै-ऑगस्टमध्ये कापू नये. त्या वेळी गर पाणचट असतो आणि कापलेल्या जागेतून सड शिरते.

कापणीपूर्वी चार-पाच दिवस पाणी तोडावे. सकाळी दव उतरल्यावर बाहेरची पूर्ण वाढलेली तीन-चार पानेच घ्यावीत, मधल्या पानांना हात लावू नये. पान बुंध्याशी, पांढऱ्या भागासह अखंड निघेल असे धारदार चाकूने सोडवावे. साल फाटल्यास गर लवकर खराब होतो. कापलेली पाने बूड खाली करून क्रेटमध्ये उभी ठेवावीत, म्हणजे पिवळा चीक निथळून जातो. चिकाचे डाग जात नाहीत व काहींना खाज येते, म्हणून हातमोजे घालावेत. पाने उन्हात ढीग करून ठेवू नयेत. कापल्यापासून गराचा दर्जा उतरू लागतो, त्यामुळे माल त्याच दिवशी प्रक्रियेला किंवा थंड जागी जाणे आवश्यक आहे.

आधी गिऱ्हाईक, मग लागवड

उत्पादनाचा हिशेब वरवर आकर्षक दिसतो. २,४०० रोपांची प्रत्येकी तीन पाने आणि पानाचे वजन सरासरी २५० ग्रॅम धरले तर एका कापणीत १,८०० किलो माल होतो. दोन कापण्यांत साडेतीन टनांच्या वर. परंतु या मालात बहुतांश पाणी आहे आणि तो नाशवंत आहे. मिरची किंवा चिकू वाणगाव-डहाणूच्या बाजारात नेऊन त्या दिवसाच्या भावाने तरी विकता येतो. कोरफडीच्या पानांना असा रोजचा उघडा बाजार नाही. प्रक्रिया करणाऱ्याने घेतली नाहीत, तर ती शेतातच राहतात.

२००० नंतरच्या दशकात राज्यात कोरफड, सफेद मुसळी अशा पिकांची रोपे पुनर्खरेदीच्या आश्वासनावर चढ्या भावाने विकली गेली. रोपांचे पैसे आधी घेतले गेले आणि पाने तयार झाली तेव्हा अनेक ठिकाणी घेणारा आला नाही. ही फसवणूक ओळखण्याची सोपी खूण आहे : ज्याचा नफा रोपे विकण्यात आहे, त्याला पानांची गरज नसते. म्हणून लागवडीपूर्वी खरेदीदारास पुढील प्रश्न विचारावेत.

१) तुमचा प्रक्रिया कारखाना कोठे आहे? आम्ही तो चालू असताना पाहू शकतो काय?

२) मागील वर्षी ज्यांची पाने घेतलीत, त्या शेतकऱ्यांना भेटता येईल काय?

३) भाव शेतावरचा की कारखान्यावरचा? वाहतूक व घट कोणाकडे?

४) एका वेळी कमीत कमी किती माल लागतो? पैसे किती दिवसांत?

५) आमच्या घरची रोपे लावली तर माल घ्याल काय?

पाचव्या प्रश्नाला "नाही" असे उत्तर आले, तर व्यवहारापासून दूर राहावे. करार लेखी करावा आणि तोंडी भावावर कर्ज काढू नये. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ २००० साली स्थापन झाले असून पुण्यात राज्याचे मंडळ आहे. तेथे खरेदीदार व योजना यांची चौकशी करता येते.

गावात गट करून गर काढण्याचा विचार असल्यास खाद्यपदार्थासाठी अन्न परवाना आणि औषध वा सौंदर्यप्रसाधनासाठी वेगळा परवाना लागतो. डहाणू तालुका १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झालेला आहे, त्यामुळे यंत्रसामग्री घेण्यापूर्वी उद्योगाच्या परवानगीची खात्री करावी.

घरगुती वापर व कुंडीतील रोप

प्रत्येक घरी दोन-चार रोपे असावीत. कुंडी मातीची, बुडाशी भोक असलेली घ्यावी. माती, जाड रेती व शेणखत समभाग भरावे. खाली ताटली ठेवू नये. उन्हात ठेवावी आणि पावसाळ्यात पडवीच्या कडेला, पागोळ्यांपासून दूर घ्यावी.

गर वापरताना पान उभे ठेवून पिवळा चीक पूर्ण निथळू द्यावा, साल काढावी व गर स्वच्छ पाण्याने धुवावा. किरकोळ भाजल्यावर जागा आधी थंड पाण्याखाली धरून मग गर लावता येतो. खोल जखमेवर लावू नये. चीक तीव्र रेचक आहे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, लहान मुलांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तो पोटात घेऊ नये. मधुमेहाची औषधे चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय रसही घेऊ नये. सालीसकट वाटलेला रस नियमित पिणे सुरक्षित नाही.

सारांश

दिवसभर ऊन, उंच गादीवाफा, मोकळा चर, ऑक्टोबरची लागवड आणि पावसात कापणी नाही, एवढे पाळल्यास समुद्रकाठच्या पुळणीतही कोरफड चांगली येते. सुरुवात २०० रोपांनी करावी. एक पावसाळा त्यांनी काढला आणि दारात खरा गिऱ्हाईक आला, तरच क्षेत्र वाढवावे. तोपर्यंत चिकू, मिरची व भाजीपाल्याची चालती वाडी मोडून कोरफड लावू नये.